फळावरचे कीटकनाशकाचे अंश हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने कसे शोधावेत

प्रकल्पासाठी नवी मुलं प्रयोगशाळेत आली की कॅमेऱ्याला हात लावू देण्याआधी मी त्यांना कागद-पेन घेऊन एक गणित करायला बसवते. २०० ग्रॅमचं एक सफरचंद घ्या. ते चेंडूसारखं गोल धरलं तर त्याची साल साधारण १८० चौरस सेंटीमीटर भरते. युरोपीय संघाच्या ३९६/२००५ या नियमानुसार ज्या औषधाला त्या फळावर वेगळी मर्यादा ठरवून दिलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. म्हणजे या सफरचंदावर जास्तीत जास्त २ मायक्रोग्रॅम. हे सगळं सालीवर एकसारखं पसरलं असं धरलं, तर चौरस सेंटीमीटरला ११ नॅनोग्रॅम येतात. औषधाची घनता १.२ धरली, तर थराची जाडी निघते एका नॅनोमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. एका रेणूचा सलग थरसुद्धा त्यात होत नाही. मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम असेल तर हाच थर सुमारे ४६ नॅनोमीटरचा होतो. आपण ज्या प्रकाशाने बघणार आहोत त्याची तरंगलांबी ९०० नॅनोमीटरच्या पुढची आहे, आणि तो प्रकाश सालीखाली काही मिलिमीटर आत शिरून परत येतो.

हे गणित निराश करायला नाही. मला हे तंत्र मनापासून आवडतं. फळ न कापता, न वाटता, काही सेकंदांत त्याच्या सालीच्या प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती परत आला याचा आलेख, हातात येतो. पण कॅमेऱ्याला नेमकं काय दिसतंय हे ठाऊक नसेल, तर मॉडेल, म्हणजे वर्णपटांवरून फळांचे गट ओळखायला शिकवलेलं संगणकातलं गणित, भलतंच काहीतरी ओळखायला शिकतं आणि आपण त्याला कीटकनाशक समजून बसतो. म्हणून या सगळ्या कामात एकच गोष्ट सांभाळायची: दोन गटांतल्या फळांत औषध सोडून दुसरा कुठलाही फरक राहू द्यायचा नाही. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

कॅमेरा आणि तरंगलांबी

साधा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे देतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा प्रत्येक पिक्सेलला शंभर-दोनशे अरुंद पट्ट्यांतले आकडे देतो. ही पद्धत मुळात जमिनीवरची खनिजं विमानातून ओळखण्यासाठी वाढली. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचं अ‍ॅव्हिरिस हे उपकरण १९८७ साली पहिल्यांदा उडालं, त्यात ४०० ते २५०० नॅनोमीटरमध्ये २२४ पट्ट्या होत्या. फळांच्या कामात तीन प्रकारचे कॅमेरे भेटतात. ४०० ते १००० नॅनोमीटरचा सिलिकॉन सेन्सरचा, ९०० ते १७०० चा इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा, आणि १००० ते २५०० चा मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचा. पहिला सगळ्यांत स्वस्त, तिसरा सगळ्यांत महाग.

निवड करताना किमतीच्या आधी रसायन बघा. नियर इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे लालच्या पुढच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात, दिसतात त्या रेणूंतल्या बंधांच्या कंपनांच्या दुय्यम छटा, म्हणजे ओव्हरटोन. कार्बन-हायड्रोजन बंधाचा पहिला ओव्हरटोन १७०० नॅनोमीटरच्या आसपास येतो, दुसरा १२०० च्या आसपास, आणि तिसरा ९०० च्या जवळ. प्रत्येक पायरीला तो कैक पटींनी क्षीण होत जातो. त्यामुळे ४०० ते १००० च्या कॅमेऱ्यात औषधाच्या रेणूची थेट खूण जवळजवळ मिळतच नाही. तिथे दिसतं ते हरितद्रव्य ६८० च्या जवळ, पाणी ९७० ला, आणि सालीचा रंग. तांब्याच्या बुरशीनाशकासारखं रंगीत औषध किंवा सालीवर पांढरट डाग ठेवणारी भुकटी असेल, तर हा कॅमेरा छान काम करतो. बाकी औषधांसाठी मी निदान १७०० पर्यंतचा कॅमेरा मागेन, आणि मिळाला तर २५०० पर्यंतचा.

फळं आणि फवारणी

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. मॉडेलवर महिनाभर डोकं लावण्यापेक्षा नमुन्यांवर एक आठवडा नीट लावलेला परवडतो.

एकाच खेपेतली, एकाच पक्वतेची, औषध न फवारलेली फळं घ्या. "न फवारलेली" हे कुणाच्या शब्दावर मानू नका. खेपेतली काही फळं आधीच रासायनिक तपासणीला पाठवा. फळं खोलीच्या तापमानाला आणा, कारण पाण्याचा १४५० नॅनोमीटरचा पट्टा तापमानाबरोबर सरकतो. शीतगृहातून काढलेल्या फळावर दव बसतं, तेही पुसून नव्हे तर आपोआप वाळू द्या. पुसल्याने मेणाचा थर निघतो आणि तो थर स्वतःच १७३० आणि २३१० नॅनोमीटरच्या आसपास ठळक दिसणारा असतो.

प्रत्येक फळाला नंबर द्या आणि फवारणीच्या आधी एकदा स्कॅन करा. हे फार थोडे लोक करतात. प्रत्येक फळ स्वतःचंच नियंत्रण झालं की फळाफळांतला नैसर्गिक फरक पुष्कळ कमी त्रास देतो.

मग गट पाडा. नुसतं "औषध मारलेली" आणि "न मारलेली" असे दोन गट करून भागत नाही. बाजारातलं औषध म्हणजे निव्वळ सक्रिय घटक, म्हणजे कीड किंवा बुरशी मारणारं मूळ रसायन, नसतो. पाण्यात मिसळायच्या तेलकट द्रावणात सॉल्व्हंट (औषध विरघळवणारा द्रव) आणि इमल्सिफायर (तेल आणि पाणी मिसळून ठेवणारा घटक) असतात. पाण्यात मिसळायच्या भुकटीत पुष्कळदा केओलिनसारखी माती भरलेली असते. केओलिनला २२०० नॅनोमीटरला आणि १४०० च्या जवळ ठसठशीत शोषणपट्टे आहेत. भूगर्भशास्त्राचे लोक तेच पट्टे विमानातून शोधतात. तुमचं मॉडेल ९८ टक्के अचूकतेने "बुरशीनाशक" ओळखत असेल आणि निर्णय देताना त्याचा सगळा भार २२०० वर असेल, तर ते माती ओळखतंय. म्हणून गट असे हवेत: काहीच न केलेली फळं, नुसतं पाणी फवारून वाळवलेली, सक्रिय घटक सोडून बाकी सगळं असलेल्या द्रावणाने फवारलेली, आणि मग औषधाच्या निदान तीन मात्रा. तिसऱ्या गटासाठीचं कोरं द्रावण उत्पादकाकडून मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं तर तोच भराव आणि तोच चिकटवणारा घटक वेगळा आणून पाण्यात मिसळा.

मात्रा फळावर किती बसली हे वजनाने मोजा. फळ काट्यावर ठेवा, फवारा, ठिबकणं थांबताच पुन्हा वजन करा. द्रावणात लिटरला अर्धा ग्रॅम सक्रिय घटक असेल आणि फळावर ०.६ ग्रॅम द्रावण राहिलं, तर ०.३ मिलिग्रॅम औषध बसलं. २०० ग्रॅमच्या फळावर ते किलोमागे १.५ मिलिग्रॅम होतं. हा आकडा अंदाजाचाच असतो, खरा आकडा प्रयोगशाळेतून येईल, पण मात्रांची शिडी बांधायला पुरतो. फवारणी फ्यूम हूडमध्ये (विषारी वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), नायट्रिलचे हातमोजे आणि चष्मा घालून करा. ही फळं कुणाच्याही खाण्यात जाता कामा नयेत. ट्रेवर तसं ठळक लिहा आणि काम संपल्यावर रासायनिक कचऱ्यात टाका.

काही अभ्यासांत फवारणीऐवजी मायक्रोपिपेटने सालीवर थेंब ठेवतात. कॅमेऱ्याची क्षमता आजमावायला ते ठीक आहे, पण थेंब वाळताना त्यातलं द्रव्य कडेला सरकतं आणि एक गोल कडं उरतं. त्या कड्यावरचा थर फवाऱ्याच्या थरापेक्षा कितीतरी जाड असतो. थेंबांवर शिकवलेलं मॉडेल फवारलेल्या फळावर बहुतेक वेळा कोसळतं.

फवारलेली, पाण्याची आणि कोरी, सगळी फळं एकाच खोलीत, तेवढाच वेळ वाळू द्या. ओलसर साल राहिली तर मॉडेल पाणी ओळखेल. रात्रभर ठेवणं मला सुरक्षित वाटतं.

आंतरप्रवाही औषधांबद्दल इथेच सांगून टाकते. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडाच्या रसातून फळाच्या गरात पोचतं. गरात पाण्याच्या आणि साखरेच्या महापुरात किलोमागे अर्धा-एक मिलिग्रॅम मिसळलेलं औषध सालीवरून घेतलेल्या वर्णपटात सापडत नाही. हे तंत्र स्पर्शजन्य, म्हणजे आत न शिरता सालीवरच राहणाऱ्या, औषधांच्या थरासाठी आहे, आणि मी प्रकल्पाच्या पहिल्या पानावरच तसं लिहायला लावते.

स्कॅन करताना

लाइन-स्कॅन कॅमेरा एका वेळी एकच रेघ बघतो. फळ सरकत्या पट्ट्यावरून जातं आणि रेघा जोडून चित्र बनतं. १२८ मिलिमीटर रुंदी ६४० पिक्सेलमध्ये बसवली तर एक पिक्सेल ०.२ मिलिमीटरचा. सेकंदाला ५० रेघा घेत असाल तर पट्टा सेकंदाला १० मिलिमीटरने चालवा, म्हणजे पिक्सेल चौरस येतील. चित्रात फळ लांबुळकं दिसलं तर वेग चुकलाय. ६४० पिक्सेल, ८०० रेघा, २२४ पट्ट्या आणि प्रत्येक आकड्याला दोन बाइट म्हणजे एका स्कॅनला सुमारे २३० मेगाबाइट. डिस्क आधीच मोकळी ठेवा.

हॅलोजनचे दिवे लावून अर्धा तास तापू द्या. थंड दिव्याचा वर्णपट सरकत राहतो. साधा पांढरा एलईडी इथे चालत नाही, त्यात १००० च्या पुढे जवळजवळ काहीच नसतं. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा.

पांढरी फरशी, म्हणजे ९९ टक्के परावर्तन करणारी टेफ्लॉनची चकती, फळाच्या माथ्याच्या उंचीवर ठेवा, पट्ट्यावर नाही. दिव्यापासून अंतर बदललं की प्रकाश बदलतो, आणि सात सेंटीमीटर खाली ठेवलेल्या फरशीने केलेली दुरुस्ती फळाला लागू पडत नाही. एक्स्पोजर याच फरशीवर ठरवा: आकडे कमाल पातळीच्या ८० ते ८५ टक्क्यांवर आले पाहिजेत. फरशीला बोटं लावू नका. बोटाचं तेल नियर इन्फ्रारेडमध्ये स्पष्ट दिसतं. मळली तर वाहत्या पाण्याखाली बारीक वॉटर पेपरने हलकेच घासून घ्या.

मग लेन्सचं झाकण लावून काळा संदर्भ घ्या. परावर्तन काढायचं सूत्र सोपं आहे: फळाच्या आकड्यातून काळा वजा करा, पांढऱ्यातून काळा वजा करा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. दोन्ही संदर्भ दर काही फळांनंतर पुन्हा घ्या.

खालचं काळं कापड आधी कॅमेऱ्यातून बघून घ्या. डोळ्याला काळीभोर दिसणारी कितीतरी कापडं ९०० नॅनोमीटरच्या पुढे पांढरीफेक चमकतात.

आणि फळांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सकाळी सगळी कोरी आणि दुपारी सगळी फवारलेली असं केलंत, तर दिव्याचं आणि खोलीच्या तापमानाचं सरकणं थेट तुमच्या उत्तरात मिसळलं. नंतर ते कुठल्याही गणिताने वेगळं काढता येत नाही.

वर्णपटांची साफसफाई

फाइल उघडली की आधी डोळ्याने बघा. वर्णपटाच्या दोन्ही टोकांना सेन्सर कमजोर असतो, तिथला खरखरीत भाग कापून टाका. पार्श्वभूमी वगळा. फळाचा गोलवा हा मोठा शत्रू: मधला भाग उजळ, कडा काळसर, आणि दिव्यासमोरच्या जागी चकाकी. चकाकीत दिसतो तो दिवा, साल नव्हे. ते पिक्सेल काढून टाका. कडेचाही पट्टा सोडून द्या. चकाकी फारच असेल तर दिव्यांवर आणि लेन्सवर एकमेकांना आडवे पोलरायझर (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणारे फिल्टर) लावा, मात्र प्रकाश बराच कमी होतो.

त्यानंतर एसएनव्ही, म्हणजे प्रत्येक वर्णपटातून त्याची सरासरी वजा करून त्याच्याच प्रमाण विचलनाने भागणं. त्याने उजळ-काळसरचा फरक बराच सपाट होतो. मग साव्हित्स्की-गोले, म्हणजे आलेखातली खरखर गुळगुळीत करायचं गणित, १९६४ पासूनचं आणि अजूनही तितकंच उपयोगी: ११ ते १५ बिंदूंची खिडकी, दुसऱ्या घाताची बहुपदी, पहिलं डेरिव्हेटिव्ह (आलेखाचा उतार). एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

सगळ्या फळाची सरासरी काढायचा मोह होतो, कारण त्याने गोंगाट कमी होतो. पण औषध सालीवर एकसारखं बसत नाही. देठाच्या खळग्यात द्रावण साचतं, थेंब वाळतात तिथे कडी उरतात, आणि बाकीची साल जवळजवळ कोरी असते. सरासरीत ते सगळं बुडून जातं. मी सरासरीबरोबर मुख्य घटक विश्लेषणाची, म्हणजे शेकडो पट्ट्यांतला फरक मोजक्या घटकांत गोळा करणाऱ्या गणिताची, चित्रंही काढते, विशेषतः त्याच्या (इंग्रजीत पीसीए) दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या घटकाचा नकाशा. फवाऱ्याचे ठिपके तिथे नक्षत्रासारखे उमटले तर पुढे जायला अर्थ आहे. मॉडेलच्या आकड्यापेक्षा मी या चित्रावर जास्त विश्वास ठेवते.

मॉडेल आणि त्याची परीक्षा

सुरुवात पीएलएस-डीए या गट ओळखणाऱ्या प्रकाराने करा. तो साधा आहे आणि कुठल्या तरंगलांबीला किती महत्त्व दिलं हे उघड दाखवतो. सपोर्ट व्हेक्टर मशीन, न्यूरल नेटवर्क वगैरे जास्त गुंतागुंतीची मॉडेलं नंतर.

शिकवायची आणि तपासायची माहिती वेगळी करताना पिक्सेलवार वाटणी करू नका. एका फळाचे हजारो पिक्सेल असतात आणि ते एकमेकांची सख्खी भावंडं असतात. त्यातले काही शिकवणीत आणि काही परीक्षेत गेले की मॉडेल फळ ओळखून पास होतं. पटत नसेल तर हे करून बघा: फक्त कोरी फळं घ्या, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना "फवारलेली" असं खोटं लेबल द्या, पिक्सेलवार वाटणी करा आणि एखादं ताकदीचं मॉडेल चालवा. अचूकता पन्नास टक्क्यांच्या पुष्कळ वर जाईल, आणि शोधायला तिथे काहीच नव्हतं. फळवार वाटणी केली की तीच अचूकता पन्नासच्या आसपास येऊन बसते. खरी परीक्षा मात्र याहूनही कडक हवी: वेगळ्या दिवशी, वेगळ्या खेपेतून आणलेली आणि शिकवणीत कधीच न आलेली फळं.

मग मॉडेलला विचारा की तू बघतोस कुठे. भार ६८० वर असेल तर ते पक्वता बघतंय. ९७० किंवा १४५० वर असेल तर ओलावा. १७३० वर असेल तर कदाचित मेणाचा थर, जो फवाऱ्यातल्या सॉल्व्हंटने विस्कटला असेल. १६८० च्या आसपास असेल आणि औषधाच्या रेणूत बेंझिनसारखं वलय असेल, तर आशा धरायला जागा आहे. पडताळा म्हणून शुद्ध औषध काचेच्या पट्टीवर वाळवून त्याचाही वर्णपट घेऊन ठेवा. जे पट्टे त्यात नाहीत त्यांवर उभं राहिलेलं मॉडेल मी औषधाचं मॉडेल मानत नाही.

शेवटी सगळ्या गटांवर चालवा. पाण्याच्या आणि कोऱ्या द्रावणाच्या फळांना मॉडेल "औषध आहे" म्हणत असेल, तर परत नमुन्यांकडे जा.

रासायनिक पडताळणी

कॅमेऱ्याच्या आकड्याला अर्थ येतो तो क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या तपासणीच्या, आकड्यामुळे. २००३ साली प्रसिद्ध झालेली क्वेचर्स ही पद्धत आता जगभर रूढ आहे: फळ गोठवून वाटायचं, त्यातले १० ग्रॅम घेऊन १० मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये हलवायचं, मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ घालून थर वेगळे करायचे, आणि अर्क एलसी-एमएस/एमएस किंवा जीसी-एमएस/एमएसवर (द्रव किंवा वायू क्रोमॅटोग्राफीला रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र जोडलेली उपकरणं) चालवायचा. स्कॅन झालेलं तेच फळ, एकेकटं, त्याच दिवशी गोठवून पाठवा. पाच फळं एकत्र वाटून आलेला सरासरी आकडा पाच वेगवेगळ्या चित्रांना चिकटवला तर शिकवणीच खोटी होते. काही फळांची साल आणि गर वेगवेगळे तपासून घ्या. कॅमेरा चौरस सेंटीमीटरमागे किती आहे ते बघतो, कायदा किलोमागे किती ते विचारतो, आणि त्या दोन आकड्यांतला पूल सालीच्या आकड्यावर उभा असतो.

छाननीसाठी वापरायचं ठरवलंत तर हेही मांडून बघा. हजार फळांत पन्नास मर्यादेबाहेरची आहेत. मॉडेल दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर आहे. ते पन्नासांतली ४५ पकडेल, आणि चांगल्या ९५० मधल्या ९५ फळांवरही बोट ठेवेल. म्हणजे १४० इशाऱ्यांत खरे ४५, तिनात एकसुद्धा नाही. त्यामुळे अशा यंत्राने फळ नाकारायचं नसतं. कुठलं फळ आधी रासायनिक तपासणीला न्यायचं एवढंच त्याने ठरवायचं. सुटलेली पाच फळं कुठल्या मात्रेची होती हेही अहवालात लिहा. "अचूकता ९० टक्के" असं एकच वाक्य लिहून थांबू नका; किलोमागे किती मिलिग्रॅमपासून पुढे मॉडेल भरवशाचं आहे तो आकडा, औषधाचं नाव, औषधाचा प्रकार आणि फळाची जात, हे चारही सोबत द्या. एका जातीवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या जातीवर पुन्हा पारखून घ्यावं लागतं.

तुमची गरज किलोमागे ०.०१ ची असेल तर परावर्तनाच्या कॅमेऱ्यावर वेळ घालवू नका. थायाबेंडाझोलसारखी काही औषधं अतिनील प्रकाशात स्वतः उजळतात, त्यांच्यासाठी त्याच प्रकारच्या कॅमेऱ्यासमोर अतिनील दिवा लावून प्रतिदीप्ती बघता येते. थायरमसारख्या गंधकयुक्त औषधासाठी चांदीच्या नॅनोकणांवरचं रमण (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून रेणू ओळखायची पद्धत), म्हणजे एसईआरएस, कितीतरी खाली उतरतं, पण त्याला सालीचा पुसा घ्यावा लागतो किंवा सालीवर कण सोडावे लागतात, आणि तिथे मोजमाप ठिपक्याचं होतं, सबंध फळाचं नाही.